डझनातला वरचा

डॉक्टरांनी आईला विचारलं, "आजी, गिऱ्हाइकाने एक डझन बांगडे मागितले, तर पाटीतून किती काढाल?" आई म्हणाली, "तेरा." डॉक्टरांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं.

ठाण्यातला दवाखाना होता, सकाळची वेळ. आई तेव्हा अठ्ठ्याहत्तरची. चाळीसेक वर्षं ठाण्याच्या बाजारात मासळी विकलेली बाई, आणि बाबा गेल्यापासून कोपरीच्या घरात एकटी राहणारी. मी डोंबिवलीत, धाकटा भाऊ कल्याणला. गेल्या वर्षभरात आईचं विसरणं वाढलेलं. आता विसरणं म्हणजे किती, यावर आम्हा बहीणभावांचं एकमत नव्हतं. माझं म्हणणं, सगळेच विसरतात. मी स्वतः डोक्यावर चष्मा ठेवून घरभर चष्मा शोधते, मला कोण डॉक्टरकडे नेतं? भावाचं म्हणणं, आई आता एकटी राहू शकत नाही, मी तिला माझ्याकडे आणतो, ते घर बंद करू. मी म्हटलं, घर बंद केलंस तर आईच संपेल, लक्षात ठेव. फोनवर आमची तासतासभर भांडणं व्हायची. माझा राग नाकावर असतो आणि भाऊ शांतपणे तेच तेच बोलत राहतो, त्यामुळे माझा आणखी भडका उडायचा.

शेवटी असं ठरलं की डॉक्टरांना दाखवायचं. ते स्मरणशक्तीची काय ती चाचणी घेतील आणि त्यात जे निघेल ते दोघांनी निमूट मान्य करायचं. म्हणजे आई तिच्या घरात राहणार की नाही, ते त्या कागदावर ठरणार होतं. आणि तिथे बसून आई सांगत होती, डझनाला तेरा.

मी पंचवीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलंय. ठाकुर्लीच्या शाळेतली सातवी-आठवीची पोरं 'टू डझन्स एग्ज' असं लिहायची, त्या डझनाच्या शेवटचा एस खोडून खोडून माझी लाल पेनं संपलीत. त्यामुळे सवयीने मी तिथल्या तिथे बोलून गेले, "आई, डझन म्हणजे बारा." डॉक्टर वयाने माझ्याहून पंधरा वर्षांनी तरी लहान असतील. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही मध्ये बोलू नका." पुढचे प्रश्न चालू राहिले, आई काहीबाही सांगत होती, कागदावर काहीतरी काढत होती. मी ऐकत नव्हते. माझ्या डोक्यात ते तेरा घणघणत होते. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं, डोक्याचा एक स्कॅन सांगितला आणि महिन्याने सगळे या म्हणाले.

रिक्षात बसल्या बसल्या मी आईला विचारलं, "आई, डझनात किती असतात गं?"

"बारा," आई म्हणाली.

"मग तिथे तेरा का म्हणालीस?"

आईने माझ्याकडे पाहिलं, बाजारात शिळ्या मासळीचा ताजा भाव सांगणाऱ्याकडे बघायची तसं. "डझनान किती असतान ते त्याने कवा विचारलं? गिऱ्हाइकाला किती काढशील ते विचारलं. बारा दिलं तर ते गिऱ्हाईक उद्या येल का?"

मला इतका आनंद झाला की रिक्षावाला नसता तर मी तिला मिठीच मारली असती. आई चुकली नव्हती. डॉक्टरांना धंदा कळला नव्हता. मी तेव्हाच ठरवलं की महिन्याने येताना हे तेरा सिद्ध करून आणायचे आणि तो कापलेला मार्क परत घ्यायचा. माझ्या डोक्यात एकदा किडा वळवळला की तो काही केल्या बाहेर पडत नाही. आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे त्यापासून चार हात लांब राहतात.

सुरुवात शब्दकोशापासून केली, कारण मास्तरणीला दुसरं काय सुचणार? डझन हा शब्द इंग्रजांनी फ्रेंचांकडून घेतला, फ्रेंचांनी लॅटिनवरून बनवला, आणि लॅटिनमध्ये त्याचा अर्थ दोन आणि दहा. आपल्या द्वादशाचाच तो लांबचा भाऊबंद. इतकं फिरून तो कोपरीच्या कोळणींच्या तोंडी येऊन बसला. गंमत म्हणजे माझ्या आईला इंग्रजीचा भयंकर राग. मी घरात चुकून 'अॅक्च्युअली' म्हटलं तरी ती म्हणायची, "आयली सायबीण." पण डझन तिला कधी परका वाटला नाही. विसाची कोडी तिला येत होती, चाराचा गंडाही येत होता, शेकडा तर रोजचाच. त्या सगळ्यांच्या मांडीला मांडी लावून तिने डझनाला बसवलेलं. लहानपणी मला वाटायचं हा आमचाच शब्द आहे आणि इंग्रजांनी तो आमच्याकडून उचलला. पाचवीत इंग्रजीच्या पुस्तकात तो दिसला तेव्हा मी बाईंना तसं सांगितलंही होतं. बाई बराच वेळ हसल्या.

आणि पुढे वाचताना मला खजिनाच सापडला. इंग्रजांकडेसुद्धा तेराचा डझन आहे. त्यांचे पाववाले म्हणे पूर्वी डझनाला एक पाव वर टाकायचे, कारण वजनात कमी भरला तर शिक्षा व्हायची. मी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. सायबाचा पाववाला भीतीपोटी तेरा द्यायचा आणि तो शब्दकोशात जाऊन बसला. माझी आई राजीखुशीने तेरा द्यायची आणि तिची स्मरणशक्ती तपासतात.

शनिवारी मी ठाण्याच्या बाजारात गेलेले. आईच्या जागेवर आता आमच्या लांबच्या नात्यातली एक मावशी बसते. मी एक डझन चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, मागितल्या. तिने जोडीजोडीने मोजल्या, एक दोन तीन करत सहा जोड्या पिशवीत टाकल्या, मग हात न थांबवता एक जरा बारकी चिंबोरी उचलून वर टाकली. मी विचारलं, "ही कसली?"

"वरची," ती म्हणाली.

"का देता पण?"

एवढ्या वर्षांत तिला हे कुणी विचारलं नसावं. "देतान म्हणून देतान. तुझी आय तर मोठी द्यायची. आमाला बोलनी खावी लागायची तिच्यापायी, गिऱ्हाईक सगली तिकरं." मग जरा खालच्या आवाजात म्हणाली, "तेरावी नाय म्हनायचं. तेरावा माणूस मेल्यावर घालतान. ही वरची."

म्हणजे आईने डॉक्टरांसमोर तेरा हा आकडा उच्चारला तोच मुळात त्यांच्या सोयीसाठी. हे मी वहीत लिहून घेतलं. चिंबोऱ्या घरी नेल्यावर नवऱ्याने विचारलं की दोघांना तेरा चिंबोऱ्या कशाला. मी म्हटलं, हा पुरावा आहे, गप्प खा.

पुढचे दोन आठवडे माझे मजेत गेले, खोटं कशाला बोलू. मी ज्याला त्याला डझन विचारत सुटले. डोंबिवलीतला केळीवाला बरोब्बर बारा देतो आणि वर एक द्या म्हटलं तर अशा नजरेने बघतो की केळी परत ठेवून यावं. अंडीवाल्याकडे सगळा हिशेब तीसच्या ट्रेचा, म्हणजे अडीच डझन, पण गिऱ्हाईक अजून 'अर्धा डझन द्या' म्हणतं आणि तो सहा देतो, सहा द्या असं कुणीच म्हणत नाही. फोनवरून सामान मागवावं तर तिथे 'बारा नग' असं लिहिलेलं असतं, वाचूनच भूक मरते. कासार म्हणाला, बांगड्या डझनावर विकायच्या त्या बाराच. पण लग्नाचा हिरवा चुडा भरताना डाव्या हातात एक जास्त भरायची. "ती धरायची नाही मोजण्यात," असं वर सांगितलं. कल्याणच्या आंबेवाल्याने पेटीतले बारा आंबे दाखवले आणि म्हणाला, ताई, आता सगळं पॅक येतं, वर टाकायला हात घालायचा कुठे? ते मला फार पटलं. हात घालायला मिळाला तरच माणूस वर एक टाकतो.

आणि आपण तर डझन नेहमी मोजायलाही वापरत नाही. 'डझनभर वेळा सांगितलं तुला' असं मी भावाला म्हणते तेव्हा मी काही बारा वेळा मोजून सांगितलेलं नसतं. शब्द आकड्याचा, पण बोलण्यात त्याला राग येतो, कंटाळा येतो, उदारपणा येतो. हे असं सुचलं की मी लगेच वहीत लिहायचे. अर्धी वही भरत आली होती.

दर रविवारी मी कोपरीला जायचे. पूर्वी महिन्यातून एकदा जायचे, आता दर रविवारी, तेही वही घेऊन. आईला विचारायचे, तू मोजायचीस कशी, दाखव. आई खुशीत यायची. तिने उजवा हात पुढे केला, अंगठ्याचं टोक करंगळीच्या पहिल्या पेरावर टेकवलं आणि सरसर चालवलं. एका बोटाची पेरं तीन, चार बोटांची बारा. "झाला डझन," ती म्हणाली. "आनी ह्यो अंगठा उरला, तो गिऱ्हाइकाचा." मी अक्षरशः थक्क झाले. पंचवीस वर्षं मी फळ्यावर डझन लिहिला आणि तो माझ्याच हातावर होता हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आईने पुन्हा करून दाखवलं, मग पाटीतल्या बांगड्यांच्या डझनाचं, मग सुक्या बोंबलांच्या शेकड्याचं. तिची बोटं इतकी लख्ख चालत होती की मी मनात म्हटलं, हिच्या डोक्याला काही झालेलं असूच शकत नाही. भावाला मी तो व्हिडिओही काढून पाठवला. त्याचं उत्तर आलं, "छान आहे ताई." बाकी काही नाही. मला तो खवचटपणा वाटला.

त्या दिवशी आईने चहा दिला त्यात चहाची पावडर नव्हती. साखर घातलेलं गरम दूध होतं ते. मी न बोलता प्यायले. भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान दोन महिने मागे होतं, मी ते जाता जाता उलटून ठेवलं. जेवलीस का, असं तिने मला चार वेळा विचारलं आणि मी चारही वेळा हो म्हटलं. आईच आहे, विचारणारच.

महिन्याने आम्ही तिघं ठाण्याला गेलो, आई, मी आणि भाऊ. माझ्या पर्समध्ये वही. डॉक्टरांनी स्कॅन पाहिला, रक्ताचे रिपोर्ट पाहिले आणि बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात मी म्हटलं, "डॉक्टर, आधी मला पाच मिनिटं द्या." भावाने खुर्चीत अंग चोरलं. मी सगळं सांगितलं. पाववाले, चिंबोऱ्या, चुडा, पेरं, अंगठा. शाळेतल्या तासासारखं मुद्देसूद सांगितलं. शेवटी म्हटलं, "तेव्हा आईचं ते उत्तर बरोबर होतं. तुम्ही तो मार्क कापायला नको होता."

डॉक्टर सगळं मन लावून ऐकत होते, मध्ये दोनदा हसलेसुद्धा. मग म्हणाले, "मॅडम, मी तो मार्क कापलाच नव्हता. माझी आजी गावाला आंबे विकायची, ती पण वर एक द्यायची. आजी तेरा म्हणाल्या तेव्हा मला बरंच वाटलं. तो प्रश्न खरं तर चाचणीतला नाही. पेशंट घाबरलेला असतो, म्हणून त्याच्या कामाचं काहीतरी विचारतो मी. डोक्यातल्या त्या कामाच्या कप्प्यातलं शेवटपर्यंत राहतं बऱ्याच जणांचं." आणि त्यांनी तो महिन्यापूर्वीचा कागद फिरवून माझ्यासमोर ठेवला.

वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने तेरा लिहिलेलं होतं आणि त्याला बरोबरची खूण. खाली चाचणी सुरू होत होती. महिना कोणता, चूक. वार कोणता, चूक. घर, नारळ आणि होडी हे तीन शब्द पाच मिनिटांनी परत सांगायचे होते, एकही नाही. घड्याळ काढायला सांगितलेलं, तर एक वेडावाकडा गोल होता आणि सगळे आकडे उजवीकडे एकमेकांवर चढलेले. इथून घरी कशा जाल, याच्यापुढे डॉक्टरांनी लिहिलं होतं, सांगता आलं नाही. हे सगळं माझ्यासमोर झालेलं. मी तिच्या शेजारच्या खुर्चीत बसलेले होते, हाताच्या अंतरावर, आणि मी तेरावर अडून बसले होते.

मला लाज वाटली. भाऊ 'बघ, मी म्हटलं होतं' असं म्हणाला असता तर मला भांडता तरी आलं असतं. त्याने कागद नीट घडी करून फाइलमध्ये ठेवला.

डॉक्टर आईकडे वळले. "आजी, घरी एकट्या असता तेव्हा काय त्रास होतो? मला सांगा."

आईने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे पाहत होती. "ही येते रविवारी," ती म्हणाली. "डझन विचारते. मी सांगते. ते येतं ना मना, म्हणून सांगते. तेवढंच विचारते ती."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मुलगी यावी, वही उघडावी, आपल्याला येतं तेच विचारावं आणि खूश होऊन जावं, म्हणून ती दर रविवारी माझ्यासाठी बोटं चालवत होती. मी तिची परीक्षा घेत होते आणि ती मला पास करत होती.

मी वही पर्समध्ये टाकली आणि खुर्ची तिच्याकडे ओढली. म्हटलं, "आई, आता मी दुसरं विचारते. एकटी असतेस तेव्हा काय होतं तुला?"

तिने मांडीवरच्या पदराचं टोक चिमटीत धरलं. मग अगदी हळू म्हणाली, "दाराला कडी नाय लावत मी. दिवसा नाय, रातचीबी नाय."

"का गं?"

"लावली, आनी सकालला ती कशी काढायची ते नाय आठवलं तर?"

भाऊ उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. वर्षभर मी ज्या घरासाठी त्याच्याशी भांडले, तिथे आई उघड्या दाराशी एकटी झोपत होती, आणि हे आम्हा दोघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. मी तिचा हात धरला आणि विचारलं, "कुणाकडे येतेस, त्याच्याकडे की माझ्याकडे?"

"कुठंबी," आई म्हणाली. "रातच्याला कोन तरी असल, एवढं बग."